न्यूयॉर्क शहराचा सामायिक बंब

जुन्या वाड्यांतून मोरीजवळ तांब्याचा एक बंब उभा असे. मध्ये नळकांडे, त्यात गोवऱ्या, शेंगांची टरफले वा कोळसा, भोवती पाणी आणि खाली राखेचा ढीग. प्रत्येक घरचा बंब वेगळा, त्याचा धूर वेगळा, त्याची राख वेगळी आणि पहाटे उठून तो पेटविणारे माणूसही वेगळे. आता अशी कल्पना करा की, एखाद्या पेठेतील सर्व घरांनी आपापले बंब मोडीत काढले, नदीकाठी एकच प्रचंड बंब उभारला आणि त्यातील ऊब जमिनीखालच्या नळांतून घरोघर नेली. कल्पना ऐकावयास गमतीची वाटते खरी. परंतु अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराने ती १८८२ साली अमलात आणली, आणि तो सामायिक बंब आजही विझलेला नाही. मात्र त्यात गरम पाणी नाही, वाफ आहे. आणि वाफ का, या प्रश्नाच्या उत्तरातच या सर्व व्यवस्थेचे मर्म आहे.

आपल्याकडे बेळगावच्या थंडीत एक शाल आणि शेकोटी पुरते. न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात पारा शून्याच्या बराच खाली उतरतो, रस्त्यांवर हातभर बर्फ साचते आणि घर तापविणे ही चैन नसून जगण्याची अट होते. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात तेथील प्रत्येक मोठ्या इमारतीच्या तळघरात स्वतंत्र बॉयलर असे. त्यासाठी कोळशाच्या गाड्या दारोदार फिरत, राखेच्या गाड्या परत जात, प्रत्येक तळघरात एक माणूस आगीत कोळसा लोटीत बसे, आणि कोठे तरी बॉयलर फुटण्याचे वा आग लागण्याचे भय नित्य असे. दक्षिण मॅनहॅटनमध्ये जमिनीचा भाव आभाळाला भिडलेला. तेथे तळघराचा मोठा भाग कोळशाने अडविणे मालकांनाही जड जाई.

या अडचणीवर तोड काढणारा मनुष्य मात्र न्यूयॉर्क शहरातला नव्हे. बर्डसिल हॉली (१८२०–१८९४) हा लॉकपोर्ट नावाच्या लहानशा गावी राहणारा यंत्रज्ञ. नायगारा धबधब्यापासून फार दूर नसलेले हे गाव ईरी कालव्यावर वसले आहे; नावा चढविण्या-उतरविण्याच्या तेथील पाणदारांवरूनच त्याचे नाव पडले. पाण्याचे पंप, आगीच्या वेळी रस्त्यावरच्या नळास दाबाने पाणी पुरविण्याची योजना, असल्या कामात हॉलीची हयात गेली होती. पाणी जर एका ठिकाणाहून साऱ्या गावास पुरविता येते, तर उष्णता का येऊ नये, असा विचार त्याच्या मनात आला असल्यास नवल नाही. त्याने स्वतःच्या घरी बॉयलर बसवून आवारातील जमिनीखालून वाफेचे नळ फिरवून पाहिले आणि १८७७ साली लॉकपोर्ट गावात अशी पहिली सार्वजनिक व्यवस्था सुरू केली. लोखंडी नळांभोवती उष्णतारोधक वेष्टण गुंडाळून ते पोकळ लाकडी ओंडक्यांत बसवीत आणि मग जमिनीत पुरीत. लवकरच इतर गावांनी हा कित्ता गिरविला. डेन्व्हर शहरात १८८० साली सुरू झालेली वाफव्यवस्था तर अद्यापि चालू आहे.

न्यूयॉर्कमध्ये वॉलेस अँड्र्यूज या उद्योजकाने हे काम अंगावर घेतले आणि चार्ल्स एमरी हा त्याचा अभियंता झाला. लहान गावात एक-दोन फर्लांग नळ टाकणे निराळे आणि गजबजलेल्या महानगराच्या पोटातून तो नेणे निराळे. तरीही ३ मार्च १८८२ रोजी ब्रॉडवे आणि वॉल स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावरील युनायटेड बँकेच्या इमारतीत पहिली वाफ पोहोचली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. एडिसनने पर्ल स्ट्रीटवरील आपल्या केंद्रातून त्याच शहरात वीज देण्यास प्रारंभ केला तो ४ सप्टेंबर १८८२ रोजी, म्हणजे वाफेनंतर सहा महिन्यांनी. विजेची कीर्ती जगभर झाली; तिच्या थोरल्या बहिणीचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही. पुढे १९५४ साली वाफेची कंपनी कॉन्सॉलिडेटेड एडिसन या वीज कंपनीतच विलीन झाली, तेव्हा या दोघी बहिणी एका घरी नांदू लागल्या असे म्हणावयास हरकत नाही.

आता वाफच का, याचा विचार करू. गणपतीत उकडीचे मोदक चाळणीत ठेवून वाफवताना गृहिणी झाकण किती जपून उघडते, हे तुम्ही पाहिले असेल. उकळत्या पाण्याचा शिंतोडा हातावर उडाला तर भाजते. परंतु त्याच शंभर अंशांची वाफ लागली तर फोड कितीतरी मोठा येतो. तापमान तेच, मग दाह अधिक का? एक ग्रॅम पाणी शून्य अंशापासून शंभर अंशांपर्यंत तापविण्यास शंभर कॅलरी उष्णता लागते. पण शंभर अंशांवरील त्याच एका ग्रॅम पाण्याची शंभर अंशांचीच वाफ करावयाची तर आणखी ५४० कॅलरी खर्ची पडतात. ही उष्णता तापमापकाला दिसत नाही. ती वाफेच्या पोटात दडून राहते आणि वाफेचे पुन्हा पाणी होते त्या क्षणी सारीच्या सारी बाहेर पडते. शास्त्रीय भाषेत हिला अप्रकट उष्णता म्हणतात. हातावर वाफेचे पाणी होते तेव्हा ही दडलेली उष्णता आपल्या कातडीत शिरते, आणि फोड येतो तो तिच्यामुळे. आणि हेच वाफेचे पाणी जर खोलीच्या कोपऱ्यातील लोखंडी तापकात झाले, तर तीच उष्णता खोलीला मिळते. म्हणजे वाफ ही उष्णता वाहून नेणारी अतिशय जड थैली आहे. पोहोचल्यावर ती थैली उघडते आणि मागे उरते ते थोडेसे पाणी.

दुसरा लाभ उंचीचा. दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ आपल्या तळावर हवेच्या एका दाबाइतका भार टाकतो. एम्पायर स्टेट बिल्डिंगचे छप्पर सुमारे ३८१ मीटर उंच आहे. तितका उंच गरम पाण्याचा नळ एकसंध उभा केला, तर तळमजल्यावरील जोडांस अडतीस पट दाब सोसावा लागेल, आणि पाणी वर चढविण्यास पंप लागतील ते निराळेच. वाफेला हा त्रास नाही. ती हलकी, आपल्याच दाबाने धावत वर जाते. गगनचुंबी इमारतींचे शहर आणि वाफ यांची गाठ जमली ती उगीच नव्हे. एम्पायर स्टेट बिल्डिंग, संयुक्त राष्ट्रसंघाचे मुख्यालय, मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालय ही सर्व या वाफेची गिऱ्हाइके आहेत.

या जाळ्याचा विस्तार आज सुमारे १६९ किलोमीटर असून मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण टोकापासून पश्चिमेकडे ९६ व्या रस्त्यापर्यंत तो गेला आहे. सुमारे दीड हजार गिऱ्हाइके, आणि त्यांतील बहुतेक एकेक अजस्र इमारत. मुख्य नळांतील वाफेचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे दहापट, आणि उष्णतामान १८० अंश सेल्सिअसच्या आसपास. ती विकली जाते वजनाने, हजार पौंडांच्या हिशेबाने. वाण्याकडून साखर घ्यावी तशी वाफ तोलून घेण्याचा हा प्रकार मला तरी मोठा मौजेचा वाटतो.

लोखंडाचा नळ तापला की लांब होतो. शंभर मीटर लांबीचा नळ १५ अंशांपासून १८५ अंशांपर्यंत तापला, तर त्याची लांबी सुमारे २० सेंटिमीटरने, म्हणजे जवळजवळ वीतभर वाढते. लोखंडाचे प्रसरण दर अंशास लांबीच्या सुमारे लाखांश सव्वा भागाइतके धरून हे गणित तुम्ही स्वतः करून पाहावे. ही वीतभर लांबी जाणार कोठे? नळ दोन्ही टोकांस आवळून बसविला तर तो वाकेल वा जोड उखडेल. म्हणून ठिकठिकाणी असे सांधे ठेवतात की, त्यांत नळ सरकू शकतो वा सांध्याच्या घड्या दबतात. आगगाडीच्या रुळांमध्ये फट ठेवीत, त्याच जातीची ही युक्ती.

उन्हाळ्यात या नळांचे काय होते, असे कोणीही विचारील. उन्हाळ्यातही ते गरमच असतात. रुग्णालयांतील हत्यारे निर्जंतुक करण्यास, धुलाईस, भटारखान्यांस वाफ बारमाही लागते. संग्रहालये हवेतील ओलावा योग्य राखण्यासाठी ती वापरतात. परंतु सर्वांत चमत्कारिक उपयोग म्हणजे वाफेने इमारत थंड करणे. माठातले पाणी का गार होते, हे आपण शाळेत शिकतो: माठाच्या अंगावर झिरपलेल्या पाण्याची हळूहळू वाफ होते, आणि त्यासाठी लागणारी अप्रकट उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते. शीतयंत्रात हेच घडवून आणतात. जवळजवळ निर्वात केलेल्या भांड्यात पाणी पाच-सहा अंशांवरही उकळू लागते, आणि उकळताना ते शेजारच्या नळीतील पाण्याची उष्णता ओढून घेते. ही बाष्पे साचून राहिली तर उकळणे थांबेल. म्हणून लिथियम ब्रोमाइड या क्षाराचे दाट द्रावण ती पिऊन टाकते. पिऊन पिऊन द्रावण पातळ झाले की, रस्त्यावरून आलेली गरम वाफ त्यास तापवून पाणी उडवून लावते आणि द्रावण पुन्हा तहानलेले होते. अशा रीतीने १८० अंशांची वाफ ऐन जुलैमध्ये माठाचे काम करते.

ही वाफ तयार कोठे होते? शहरातील व नदीपलीकडील काही केंद्रांत. त्यांपैकी इतिहासप्रसिद्ध ईस्ट रिव्हर केंद्र चौदाव्या रस्त्याच्या टोकास नदीकाठी आहे. पूर्वी कोळसा, मग तेल आणि आता मुख्यत्वे नैसर्गिक वायू हे इंधन. बऱ्याचशा वाफेच्या जन्माबरोबर वीजही जन्मते. साध्या औष्णिक केंद्रात इंधनाच्या उष्णतेचा अर्ध्याहून अधिक भाग नदीत वा हवेत फुकट जातो. तो फुकट न घालवता नळांत घातला तर एकाच इंधनात दोन कामे होतात. आपल्या बेळगाव जिल्ह्यातील वाचकांना हे तत्त्व परके वाटू नये. येथील साखर कारखान्यांतून उसाचे चिपाड, ज्याला कारखान्यात बगॅस म्हणतात, जाळून जास्त दाबाची वाफ करतात. ती आधी टर्बाइन फिरवून वीज देते आणि दाब उतरल्यावर तीच वाफ उसाचा रस आटविते. न्यूयॉर्कच्या माणसाने रसाच्या जागी आपली थंडगार खोली ठेवली, इतकाच भेद.

चित्रपटांतून न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर जमिनीतून पांढरी वाफ निघताना पुष्कळांनी पाहिली असेल. ती पाहून सारे नळ गळत आहेत असे वाटते. वास्तविक खरी वाफ डोळ्यांस दिसतच नाही. दिसतो तो तिच्या गारठलेल्या थेंबांचा ढग. आणि पुष्कळदा तो ढगही नळातील वाफेचा नसतो. पावसाचे वा फुटक्या जलवाहिनीचे पाणी तापलेल्या नळावर पडून तेथेच उकळते आणि वर येते. तो मोटारचालकांच्या डोळ्यांपुढे येऊ नये म्हणून भर रस्त्यात नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची उंच धुराडी उभी करतात. पाहुण्यांना त्यांचे कौतुक वाटते. पण नळावर बाहेरून पडणारे हे थंड पाणीच कधी कधी प्राणावर बेतते.

नळाचे अंग थंड झाले की आतील थोड्या वाफेचे पाणी होते. हे पाणी तळाशी साचू नये यासाठी जागोजागी एक लहानसे उपकरण बसविलेले असते. ते साचलेले पाणी बाहेर सोडते, वाफेला मात्र अडविते. त्यास वाफसापळा म्हणू. उपकरण हाताएवढे, किंमत साऱ्या व्यवस्थेच्या मानाने नगण्य; परंतु नळाचे आयुष्य त्याच्या हाती. सापळा तुंबला तर पाणी साचत जाते. त्या पाण्यात वाफेचा एखादा बुडबुडा कोंडला आणि थंड पाण्याने त्याचे एकाएकी पाणी झाले, तर काय होते पाहा. साध्या दाबाखाली वाफ पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा व्यापते. नळातील दाबाखाली हे प्रमाण कमी असले तरी शंभराहून अधिक असते. बुडबुडा आकसताच तेथे पोकळी निर्माण होते, आणि ती भरून काढण्यासाठी दोन्ही बाजूंचे पाणी हातोड्याच्या वेगाने येऊन आदळते. अभियंते यास जलाघात म्हणतात. पाणी दाबले जात नाही. त्यामुळे सारा तडाखा लोखंडाला बसतो.

१८ जुलै २००७ रोजी हेच घडले. सकाळी जोराचा पाऊस झाला होता. संध्याकाळी सहाच्या सुमारास, कचेऱ्या सुटण्याच्या वेळी, ग्रँड सेंट्रल स्थानकाजवळ लेक्सिंग्टन अॅव्हेन्यू आणि ४१ वा रस्ता यांच्या चौकात जमीन फाटली. वाफ, चिखल आणि दगड यांचा स्तंभ गर्जना करीत उंच उसळला. शेजारची क्रायस्लर बिल्डिंग त्याच्याआड गेली. रस्त्यात पडलेल्या प्रचंड खड्ड्यात बंद पडलेल्या मोटारी ओढून नेणारी एक गाडी गडप झाली आणि तिच्या चालकास भयंकर भाजले. एक स्त्री हृदयविकाराच्या झटक्याने मरण पावली व चाळीसांहून अधिक लोक जखमी झाले. २००१ सालच्या हल्ल्याची आठवण ताजी असलेल्या त्या शहरातील माणसे बूट-पिशव्या तेथेच टाकून धावत सुटली. फुटलेला नळ १९२४ सालचा, म्हणजे ८३ वर्षांचा होता. साहजिकच सर्वांनी त्याच्या म्हातारपणाला दोष दिला. परंतु तपासात जे निघाले ते निराळे होते. जवळच्या एका जोडाची गळती बंद करण्यासाठी त्यात चिकट लुकण भरण्यात आले होते; त्याचा काही भाग नळात उतरून वाफसापळ्यांत जाऊन बसला आणि ते तुंबले. पावसाने नळ गार केला, पाणी साचले, सापळ्यांनी ते सोडले नाही. म्हातारा नळ निर्दोष होता असे मी म्हणणार नाही; पण त्याचा घात केला तो दुरुस्तीने.

यापूर्वी ऑगस्ट १९८९ मध्ये ग्रॅमर्सी पार्क भागात अशाच जलाघाताने नळ फुटला होता. दुरुस्तीनंतर नळात पुन्हा वाफ सोडताना आतील पाणी नीट काढलेले नव्हते. दोन कामगार आणि त्या भागात राहणारी एक व्यक्ती असे तिघे प्राणास मुकले. त्या अपघाताचा दुसरा अध्याय अधिक खेदकारक आहे. जुन्या नळांवरील वेष्टण अॅस्बेस्टॉसचे. त्याचे सूक्ष्म तंतू श्वासाबरोबर फुप्फुसांत गेले तर पुढे कर्करोगास कारण होतात. स्फोटाबरोबर ते चिखलातून घराघरांत उडाले होते, आणि कंपनीने ही गोष्ट तत्काळ उघड न करता दडविली. पुढे १९९४ साली न्यायालयात तिला आपला अपराध कबूल करावा लागला. जुलै २०१८ मध्ये फिफ्थ अॅव्हेन्यूवर १९३२ सालचा एक नळ फुटला, तेव्हा मात्र आसपासच्या इमारती त्वरित रिकाम्या करून धुण्यात आल्या, आणि लोकांना अंगावरचे कपडे काढून देण्यास सांगण्यात आले.

अपघात सोडले तरी या व्यवस्थेत आणखी एक उणीव आहे. तापकांत वाफेचे पाणी झाल्यावर ते केंद्राकडे परत जात नाही. परतीचे नळ येथे टाकलेलेच नाहीत. ते कढत पाणी थंड करून गटारात सोडावे लागते. केंद्रात दर वेळी नवे पाणी घ्यायचे, त्यातील क्षार काढायचे, कारण बंबाच्या आत जसा खार धरतो तसा बॉयलरमध्येही धरतो, आणि मग ते शहरभर एकदाच फिरवून सोडून द्यायचे. काही इमारती त्या पाण्याची उरलेली ऊब आंघोळीचे पाणी कोमट करण्यास वापरतात, पण ते आपापल्या शहाणपणावर. युरोपातील पुष्कळ शहरांनी याच कारणाने गरम पाण्याचा मार्ग धरला, कारण तेथे पाणी एका नळातून जाते व दुसऱ्यातून परत येते. डेन्मार्कच्या कोपनहेगन शहराने तर आपले जुने वाफेचे जाळे बदलून गरम पाण्याचे केले. बसक्या इमारतींच्या शहरास ते सोपे. मॅनहॅटनमध्ये वर सांगितलेला उंचीचा प्रश्न आड येतो. शिवाय तेथील रस्त्याखाली वीज, पाणी, वायू, दूरध्वनी, भुयारी रेल्वे यांची इतकी दाटी आहे की, नव्या नळास वाट मिळणेच कठीण.

न्यूयॉर्क नगरपालिकेने २०१९ साली मोठ्या इमारतींच्या कर्बवायूवर मर्यादा घालणारा कायदा केला व २०२४ पासून ती मर्यादा लागू झाली. तेव्हापासून इमारतीच्या मालकांपुढे हिशेबाचा प्रश्न उभा आहे: वाफ घेत राहावे, की विजेवर चालणारे उष्णतापंप बसवावेत? वाफेच्या बाजूचे लोक म्हणतात, दीड हजार इमारतींची यंत्रे बदलण्यापेक्षा चार-पाच केंद्रांतील आग बदलणे सोपे. बंब एकच असल्याचा हाच तर लाभ. विरुद्ध बाजूचे लोक जुन्या नळांकडे बोट दाखवितात, आणि त्या मार्गातून किती उष्णता जमिनीला तापविण्यात जाते याची आठवण देतात. मला पहिला युक्तिवाद वजनदार वाटतो, परंतु दुसरा खोडून काढणेही सोपे नाही. बॉस्टनजवळील अशाच एका व्यवस्थेत २०२४ साली विजेवर चालणारा मोठा बॉयलर बसविण्यात आला. त्यातून निघणारी वाफ जुन्याच नळांतून, जुन्याच तापकांकडे जाते. खोलीत बसलेल्या माणसास त्या दिवसापासून काही निराळे जाणवले असेल असे वाटत नाही.